डिसेंबरात मालवणला येतोय, खाडीत गळ टाकायचा आहे. रॉड कोणता आणू, कुठे बसू, आमिष काय लावू?

रॉड घरात असेल तो आणा. त्याआधी कालनिर्णय उघडा आणि तुमच्या सुट्टीत कोणत्या तिथी येतात ते बघा. मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीवर आजोबांनी मला गरी (गळाचा आकडा) बांधायला शिकवायच्या आधी हिशोब शिकवला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, एकादशीला सव्वाआठ, पहाटे-सकाळी एकदा आणि साधारण बारा तासांनी पुन्हा. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं.

मासा लागतो तो पाणी फिरल्यावर. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत शिरलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि बारीक पिल्लं चरांतून बाहेर ओढली जातात. तांबोशी हा शिकारी मासा त्या चराच्या तोंडाशीच टपून असतो. पहिले दोन तास गरी तिथे सोडा, जिवंत सुंगट शेपटीकडून ओवून. डिसेंबरात मला षष्ठीची संध्याकाळ सगळ्यात लाडकी: साडेपाचला पाणी जोरात निघालेलं असतं आणि उजेड मंदावत जातो. उजेड मंदावणं महत्त्वाचं, कारण पावसाळ्यातला गाळ एव्हाना बसलेला असतो आणि पाणी इतकं नितळ होतं की जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) माशाला सरळ दिसतो. बारीक तंगूस घ्या, शिसं हलकं ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीत, पाणी फार ओढतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटीला, ते हलतच नाही. दोन्हींच्या मधले दिवस धरा.

सकाळी बसायचं असेल तर देवबागच्या बाजूला वाळूवर मुडदुशा मासे बघा. मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, असेपर्यंत पाणी शांत असतं. चढत्या पाण्यात बारीक गरी, सुंगटाचा सोललेला तुकडा, तळाला. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मी तरी उठतो. मुलं सोबत असतील तर त्यांना खाडीच्या आतल्या अंगाला काळुंदर माशाला बसवा, कणकेची छोटी गोळी पुरते. पण देवबागला, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात उतरू नका. सुकतीला ती ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

चिखलात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाघळी (काटेरी शेपटीचा चपटा मासा) तळाला पडून असते, घासलेल्या पायाची चाहूल लागली की सरकते. मी एकदा घाईत पाय टाकला आणि तिचा काटा घोट्यात बसला. सोसवेल तितक्या गरम पाण्यात तासभर पाय बुडवल्यावर वेदना उतरली, मग डॉक्टरकडे गेलो. शेंगटी (मिशावाला मासा) लागली तर हाताने धरू नका, पक्कड वापरा. तिचे काटेही विषारी असतात.

आणि एक कळकळीची विनंती. नशिबाने जिताडा लागला, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, आणि तो चांगला मोठा निघाला, तर फोटो काढा आणि सोडा. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे बहुतेक सगळ्या माद्याच. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवा. थंडीत तो सुस्त असतो, जोर यायला वेळ लागतो. शेपटी स्वतःहून हलली की हात काढा.