एकच पाप पुन्हा पुन्हा झालं तर देव माफ करतो का?
हो, करतो. बायबलमध्ये १ योहान १:९ मध्ये सरळ लिहिलंय की आपण पापं कबूल केली तर देव ती माफ करतो, किती वेळा वगैरे आकडा तिथे नाहीये. उलट शिष्य पेत्राने येशूला विचारलं होतं की भावाला सात वेळा माफ करू का, तर येशू म्हणाला साताच्या सत्तर वेळा, मग आपल्याला एवढं सांगणारा स्वतः हात आखडता घेईल का?

पण नुसतं सॉरी म्हणून मोकळं व्हायचं नाही. जक्कय बघा, जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशू घरी आला तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. आणि परिणाम टळतातच असंही नाही, दावीद राजाला त्याने घडवून आणलेल्या सैनिक उरीयाच्या खुनाची क्षमा मिळाली तरी घरातलं दुःख भोगावंच लागलं.

कॅथलिक असाल तर कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला जा, तेच पाप परत सांगायची लाज वाटते माहितीये, पण फादर ते कोणालाही सांगू शकत नाहीत, चर्चचा कडक नियम आहे. प्रोटेस्टंट असाल तर प्रार्थनेत थेट देवाशी बोला, शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र ५१, पश्चात्तापाची प्रार्थना, मोठ्याने वाचा.