तापाच्या औषधात तळाशी पांढरा गाळ बसला तर ते खराब झालं असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की लेकीसाठी चार दिवसांपूर्वी आणलेल्या पॅरासिटामॉलच्या (250 च्या) बाटलीत वर पाणी, खाली पांढरा थर दिसतोय आणि सासूबाई फेकून दे म्हणतात. थांबा, आधी हलवून बघा.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. पावसाळ्यात, घरोघरी ताप असतो तेव्हा, हे वाक्य हमखास ऐकतो: "भाऊ, औषद तं फाटलं नं, खराब देल्लं का?" फाटलेलं नसतं हो. ते मुळात विरघळलेलंच नव्हतं.

साध्या तापमानाला एक मिली पाण्यात पॅरासिटामॉल साधारण 14 मिग्रॅ विरघळतं. तुमच्या बाटलीत 5 मिलीला 250, म्हणजे मिलीला 50 मिग्रॅ. उरलेलं जाईल कुठे? म्हणून ते बारीक दळतात आणि पाणी दाट करणारा डिंक घालून नुसतं तरंगत ठेवतात. चहातली साखर आणि पिठल्यासाठी कालवलेलं बेसन, असा फरक. लेबलवर 'सस्पेन्शन' छापलेलं असतं, पण आपल्याकडे ओतता येईल ते सगळं शिरपच. न विरघळलेलं औषध जिभेला कमी कडू लागतं, हा एक फायदाही आहे.

दुकान नवीन असताना एकदा गर्दीत 'हलवून पाजा' सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. आजोबांनी नातवाला दोन दिवस वरवरचं पाणी पाजलं, ताप काही हटेना. तिसऱ्या दिवशी बाटली घेऊन आले तर तळाशी बोटभर पांढरा लगदा. तोच पुढे पाजला असता तर एका मापात दोन-तीन मापांचं औषध गेलं असतं, आणि जास्तीचं पॅरासिटामॉल थेट यकृतावर जातं. तेव्हापासून मी झाकणावर पेनानं 'हलवा' लिहूनच देतो.

मग पूर्ण विरघळवूनच का देत नाहीत? पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल वापरून काही औषधं विरघळवतातही. पण तो द्रव नीट तपासला नाही तर घात होतो. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध विरघळेना म्हणून चक्क डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलं. शंभरावर माणसं गेली आणि 1938 मध्ये तिकडे कायदाच बदलला. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं किडन्या निकामी होऊन गेली, त्यातली बरीच नागपूरच्या दवाखान्यांत. त्यांच्या खोकल्याच्या औषधात तेच विष सापडलं. तुमच्या बाटलीतला गाळ मला त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

गोळ्या-कॅप्सूललाही हा त्रास आहेच. गजकर्णासाठी जे इट्राकोनाझोल देतात, ते साध्या पाण्यात इतकं कमी विरघळतं की हजार लिटरच्या टाकीत जेमतेम एक मिलिग्रॅम जाईल. म्हणून कॅप्सूलमध्ये खसखशीपेक्षा थोडे मोठे साखरेचे दाणे असतात आणि औषधाचा थर त्यांच्यावर चढवलेला असतो. पोटातल्या आम्लात ते बरं विरघळतं, त्यामुळे ही कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची. सोबत ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. कितीतरी जणांची खाज इथेच अडकलेली असते.

आता तुमची बाटली. गाळ मुद्दाम भुसभुशीत बसेल असाच बनवतात. दहा-पंधरा वेळा जोरात हलवा, मग उलटी धरून तळ बघा. सगळं एकसारखं दुधाळ झालं, तळाला काही चिकटून नाही, तारीख शिल्लक आहे, तर बिनधास्त वापरा. प्रत्येक वेळी हलवायचं आणि सोबतच्या मापानंच द्यायचं, घरच्या चमच्यानं नको. पण तळाशी सरकीच्या ढेपेसारखा गठ्ठा धरला असेल आणि हलवून सुटत नसेल, किंवा वास-रंग बदलला असेल, तर पाजू नका. बिलासकट दुकानात परत न्या.