दिवाणजींचा हिशेब आणि झपताल

"दहावी होईपर्यंत गाणं बंद ठेवायचं, बरोबर ना मॅडम? तुम्हीच सांगा तिला."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच निकाल देऊन टाकला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर ते दिवाणजी. मुलगी नववीत, सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १९. गाणं शिकायला आठवड्यातून दोनदा मिरजेला जाते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा तीन परीक्षा झाल्यात, आता मध्यमा प्रथमला बसायचंय. वर अकरावीला आर्ट्सला जाऊन संगीत हाच विषय घेणार म्हणते. आई पर्सची चेन उघडत-लावत गप्प बसलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. पण हाच प्रश्न घेऊन सहामाहीनंतर कुणी ना कुणी येतंच.)

सुरुवात मीच चुकीची केली. संगीतानं एकाग्रता वाढते, गणित सुधारतं, असं आम्ही समुपदेशक लोक बोलतो तसं बोलून गेले. वडील शांतपणे म्हणाले, "मग आमच्या भजनी मंडळातला पखवाजवाला गणितात दोनदा नापास कसा काय ओ?" मुलगी फस्सकन हसली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वाक्य मी तेव्हापासून वापरत नाही. गाण्याची वकिली गणिताच्या नावानं केली, की गणितात मार्क कमी पडले त्या दिवशी गाणंच आरोपी ठरतं.

मग मुलीला एक कोरा कागद दिला आणि गेल्या आठवड्यातला एकेक तास मांडायला सांगितला. हिशेबाचं काम निघालं म्हटल्यावर वडील खुर्ची पुढं ओढून बसले. मिरजेची शिकवणी दोन तास, जाण्यायेण्यात दोन, सकाळचा रियाज अर्धा तास असा सहा दिवस. बेरीज सात तास. गणिताचे क्लास मात्र दोन निघाले, एक जुना आणि एक मार्क घसरल्यावर लावलेला. मिळून नऊ तास. एका ठिकाणी वर्गसमीकरणं चालू, दुसऱ्या ठिकाणी अजून संच. दोन्हीकडचा गृहपाठ रात्री अकरापर्यंत. वडिलांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं आणि विचारलं, "दुसरा क्लास लावल्यापासून मार्क किती वाढले?" मुलगी म्हणाली, "लावला तेव्हा बावीस होते."

त्या खोलीत पुढचं मिनिटभर कुणी बोललं नाही.

गाणं म्हणजे नुसतं म्हणत बसणं, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. म्हणून मी मुलीला विचारलं, परीक्षेत करावं काय लागतं? तिनं टेबलावर टाळी धरून झपताल सुरू केला: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दहा मात्रा म्हणजे दहा ठोके, तिसऱ्या खंडावर खाली, म्हणजे तिथं टाळी नाही. मग हाताची लय तीच ठेवून तोंडानं दुगुन, म्हणजे एका मात्रेत दोन बोल. पहिल्यांदा सातव्या मात्रेवर हात घसरला. ती थांबली, "परत" म्हणाली, आणि दुसऱ्यांदा बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आली. वडील बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होते, हे बहुतेक त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. यासोबत रागाचा थाट (कुठल्या स्वरसमूहातला ते), वादी-संवादी (रागातले मुख्य दोन स्वर), गायनसमय, पलुसकर आणि भातखंडे या दोन्ही स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या पद्धती, आणि लेखी पेपर. गाण्याला असा इयत्तावार अभ्यासक्रम असावा, हे ज्यांनी मनावर घेतलं ते विष्णु दिगंबर पलुसकर आपल्याच भागातले. जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेत गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं.

"ते सगळं खरं," वडील म्हणाले. "मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, ते पण पेपरात वाचलं मी. पण मानांकन वाद्याला मिळालं. वाजवणाऱ्याचं काय?"

हा मात्र रास्त प्रश्न. त्यांच्या गल्लीतला एक जण संगीतात बी. ए. करून ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो, सीझन संपला की घरी. मी त्यांची समजूत घातली नाही. गाण्यावर पोट भरणाऱ्यांची मिळकत दर महिन्याला सारखी नसते. शिकवण्या, साथसंगत, शाळेतली नोकरी मिळाली तर ती, असं जोडून जोडून चालतं. अकरावीला कला शाखेत संगीत घेता येतं, पुढं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे. आणि विषय म्हणून घेतलं नाही, तरी कुठल्याही शाखेत राहून बाहेरून गांधर्वच्या विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत जाता येतं. पण अकरावी दीड वर्षं लांब आहे. हा वाद आज मिटवायची गरजच नाही, एवढं मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. मुलीला ते फारसं आवडलं नाही.

आजचं ठरवलं ते असं. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मध्यमा प्रथम नववी संपता संपता एप्रिल-मेला द्यायची. दहावीच्या वर्षात कुठलीच परीक्षा नाही, मिरज आठवड्यातून एकदाच, रियाज सकाळचा अर्धा तास तसाच. एक गणिताचा क्लास बंद. कुठला, ते मुलीनं ठरवायचं. तिनं दुसरा नाही, जुना बंद केला. नव्या क्लासचे सर विचारलेलं परत समजावतात म्हणे.

उठता उठता मी सांगितलं, की शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पास असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो, प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि या वर्षीचा नियम शाळेत विचारा. हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तरी जी भीती होती तेच झालं. वडिलांचा चेहरा उजळला, "हे आधी सांगायचं की ओ मॅडम!" आणि आई त्या तासाभरात पहिल्यांदा बोलली: "गुण नसते मिळत, तर बंद केलं असतं का?" वडिलांनी उत्तर दिलं नाही.

मध्यमा प्रथमचा निकाल लागला तेव्हा त्यांचाच फोन आला. पहिल्या श्रेणीत पास. अभिनंदन करून मी फोन ठेवणार, तोच म्हणाले, "मॅडम, लेखीत सहा मार्क कुठं गेले ते काही लागत नाही. पेपर परत तपासून मिळतो का ओ?"