गोदावरीसारख्या मोठ्या नदीत मासे वाढले की घटले, हे कसं मोजायचं? बाजारातली आवक पुरेल की सोनार (ध्वनिलहरींनी पाण्यातलं टिपणारं यंत्र) घ्यावं?

आवक पुरत नाही. नुसत्या किलोवरून 'मासे वाढले' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. समजा एका घाटावर पाच वर्षांपूर्वी रात्रीला १० जाळी पडत आणि २० किलो मिळत. आज तेवढ्याच मापाची ४० जाळी पडतात, ४० किलो येतात. आवक दुप्पट, पण जाळ्यामागे दोनाचा एकच किलो उरला. म्हणून वहीत वजनाच्या आधी लिहायचं ते जाळी किती, लांबी-उंची काय, आस (जाळ्याचं एक भोक) केवढा, किती तास पाण्यात होती. रिकामं आलेलं जाळंही लिहा. भोई ते आपणहून सांगत नाहीत, सांगण्यासारखं असतं काय त्यात? पण ते गळलं की सरासरी फुगते.

खरा घोळ आसात आहे. तंगूसाचं (नायलॉनच्या एकेरी धाग्याचं) जाळं ओलं करून, आस ताणून, गाठीपासून गाठीपर्यंत मोजा. दुकानदाराच्या मापावर जाऊ नका. एक आस ठरावीक लांबीचाच मासा धरतो, त्याहून साधारण वीस टक्के लहान-मोठा असला की फारसा अडकत नाही. नुसतं ८० मिमीचं जाळं लावलंत तर नदीतले बारीक देशी मासे तुमच्या लेखी नाहीतच! २०, ३०, ४०, ६०, ८०, १२० मिमी असे सहा तुकडे एकसारख्या लांबीचे घ्या, क्रम दर खेपेला बदला. शिंगाड्याची नोंद वेगळी ठेवा, तो काट्यांनी कुठल्याही आसात गुंततो. बीज सोडलेले कटला-रोहू आणि चिलापी यांचेही रकाने वेगळे, नाहीतर देशी माशांची घट त्यांच्या वजनाखाली झाकली जाते.

दिवस मावळताना लावा, उजाडता काढा. जागा डोहाच्या कडेची, संथ पाण्याची. धारेत जाळं आडवं पडतं, बोया बुडतात, आणि मासे असूनही हाती भोपळा येतो. मे महिन्यात उलट फसगत होते: पाणी आटून मासे डोहात गोळा होतात, जाळ्यामागचं वजन चढतं, नदीतले मासे मात्र तेवढेच किंवा कमी. डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच करा.

सोनारचं विचारलंत. त्यावर ठिपके दिसतात, जात कळत नाही, आणि उथळ खडकाळ पात्रात ठिपकेही नीट दिसत नाहीत. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरणाच्या मत्स्यसोपानात (माशांना धरण चढायला केलेल्या पायऱ्यांत) १९३८ पासून मासे मोजतात, कारण सामन (सॅल्मन) मासा तिथून ओळीने वर जातो. गोदावरीतला मासा तसा एका वाटेने समोरून जात नाही.

एकूण संख्याच हवी असेल तर खुणा करून सोडा. २०० मासे खुणेचे सोडले, नंतर १५० धरले, त्यात ९ खुणेचे निघाले, तर प्रत्येक आकड्यात एक मिळवून (२०१ × १५१ ÷ १०) − १, म्हणजे सुमारे ३,०३४. मात्र हे गणित बंद डोहापुरतंच. वाहत्या पात्रात खुणेचे मासे निघून जातात, काहींची खूण गळते, मग आकडा फुगतो.

हो, राहिलंच: मत्स्य खात्याची परवानगी आधी काढा. आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं असेल त्या रात्रीची नोंद ठेवा, पण सरासरीत धरू नका.