रात्री अकराला मशीन कोण बंद करणार?

प्रश्न : ताई, मी ५१ वर्षांची. सांगलीत गावभागात राहते. २२ वर्षं घरीच ब्लाउज शिवते. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, मुलगा गेल्या जूनपासून पुण्यात नोकरीला आहे. तो गेल्यावर हॉलमधली मशीन त्याच्या खोलीत नेली आणि तेव्हापासून कामाला सुमार राहिला नाही. रात्रीचे अकरा वाजतात. मालक एसटीतून निवृत्त झालेत, ते साडेआठला आपलं आपण वाढून घेतात. दिवाळीला मुलगा आला तर त्याच्या पलंगावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या. बिचारा हॉलमध्ये गादी टाकून झोपला. बोलला काही नाही, पण मला लागलं. हल्ली रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात. काम कमी करावं म्हटलं तर संध्याकाळी घर खायला उठतं. काय करू?

उत्तर : तुमच्या पिशव्यांचं वाचलं आणि मला माझ्या घराचा जिना आठवला. मी साताऱ्यात शिक्षिका होते. दोन्ही मुलं बाहेर गेल्यावर शाळेतलं जे काम कुणाला नको ते मी घ्यायला लागले. परीक्षेचे फॉर्म माझ्याकडे, सहल माझ्याकडे, स्नेहसंमेलनाचे हिशेबसुद्धा. एका रविवारी थोरला बेंगळुरूहून न कळवता आला. मी शाळेत फॉर्म तपासत बसलेले, मोबाइल पर्समध्ये आणि पर्स कपाटात. दोन तास पोरगं जिन्यात. शेजारच्या काकूंनी त्याला चहा-पोहे दिले. मी आल्यावर हसत म्हणाला, "आई, तुझी शाळा रविवारीपण भरते?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमची मशीन २२ वर्षं कोण बंद करत होतं, आठवून बघा. मुलाचा क्लास सुटायचा, मुलीला भूक लागायची, हॉलमध्ये अंथरुणं घालायची असायची, म्हणून मशीनवर कव्हर पडायचं. काम तेव्हाही भरपूर होतं. आता उठवणारं कुणी नाही, एवढाच फरक.

म्हणून मशीन परत हॉलमध्ये आणू नका. खोलीत नेलीत याची टोचणी लागली असेल तर ती सोडा. हॉलला दार नव्हतं, या खोलीला आहे, आणि दार लावता येणं ही घरी धंदा करणाऱ्या बाईला मिळालेली मोठी सोय आहे. फक्त पलंग मोकळा करा. पिशव्यांसाठी भिंतीला खुंट्या मारून घ्या नाहीतर लोखंडी रॅक आणा. पलंग मुलाचा, त्यावर अस्तराचा तुकडाही नको.

साडेसहानंतर माप नाही, फिटिंग नाही, अशी पाटी दाराला लावा. नोकरीवाल्या बायका साडेसहालाच घरी पोहोचतात, त्यांच्यासाठी मंगळवार आणि शनिवार आठपर्यंत. आठवडाभर कुरकुर होईल. पण चांगलं फिटिंग देणारी बाई सोडून कुणी जात नाही, हे मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. हुक-काजे, हातशिलाई, फॉल-पिको गल्लीतल्या एखाद्या गरजू मुलीला नगावर द्या. अर्जंटचा दर वेगळा ठेवा; निम्मी अर्जंट कामं दर ऐकल्यावर अर्जंट राहत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर पंधरा दिवस वहीत मांडा : रात्री आठ ते अकरा किती ब्लाउज झाले आणि त्यातले किती सकाळी उसवावे लागले. माझी शिंपीण सांगते, रात्री लावलेली कटोरी हमखास दिवसा पुन्हा लावावी लागते.

मुंग्यांकडे दुर्लक्ष नको. मनगटातली नस दबल्यामुळे असं होतं, कधी थायरॉईड किंवा साखरही कारण असते. डॉक्टरांना हात दाखवाच, आणि काम काय करता, किती तास करता, ते न विचारताही सांगा.

आता संध्याकाळ. "ते आपलं आपण वाढून घेतात" हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. मालकांची दया येऊन नाही हं; एसटीत इतकी वर्षं काढलेला माणूस भात वाढून घेऊ शकतो. पण घर खायला उठतं म्हणता तेव्हा त्याच घरात एक माणूस ताट घेऊन बसलेला असतो. आठवड्यातून दोन दिवस दोघांनी हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं दर्शन, येताना भाजी. पहिल्या दोन खेपांना बोलायला काही सुचणार नाही. सुचू नये.

आणि नाटकाला जा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीता स्वयंवर केलं ते तुमच्याच सांगलीत, त्यांच्या नावाचं नाट्यगृहही तुमच्याच गावात. तिकिटं आधी काढून ठेवा. पैसे भरलेले असले की मशीन बरोबर बंद होते.

मला त्या पोहेवाल्या काकूंनी सोडवलं. पहाटे साडेपाचला त्या बेल वाजवतात आणि आम्ही अजिंक्यतारा चढतो. आठ वर्षं झाली. त्यांनी बेल वाजवली नसती तर मी एक दिवसही उठले नसते, एवढी काही मी शिस्तीची नाही. तुम्हीही अशी एक बेल शोधा. हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे मन उदास राहिलं, झोप-भूक गेली, तर १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर बोला. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात. गौरी-गणपतीची गर्दी सुरू व्हायच्या आत चार दिवस काढा आणि दोघं पुण्याला मुलाकडे जा. तो राहतो कसा, जेवतो काय, बघून या. बॅगेत हुक लावायचे ब्लाउज मात्र घेऊ नका. मी बेंगळुरूला सहामाहीचे पेपर घेऊन गेले होते.