पोटाचा सीटी: पाजायचं की नाही?
अरे, पोटाचा सीटी स्कॅन म्हटलं की पेशंटपुढे काँट्रास्टची (स्कॅनमध्ये आतडं उठून दिसावं म्हणून पाजतात त्या द्रावणाची) बाटली सरकवायची सवय आधी मोड. मुतखडा किंवा आतड्यातला रक्तस्राव शोधायचा असेल तर पांढरं दिसणारं काँट्रास्ट तोंडाने अजिबात नको. पांढऱ्यात पांढरं हरवतं. आतड्याची भिंत बघायची तर मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचं पाणी, ते पांढरं दिसत नाही. पण ऑपरेशननंतर आतड्याचा जोड गळतोय का, वळशांमध्ये पू साठलाय का, असा प्रश्न असेल तर पांढरं दिसणारं आयोडीनवालं काँट्रास्ट जरूर दे. आतडं फुटल्याचा संशय असताना बेरियम (दुसरं पांढरं काँट्रास्ट) मात्र चुकूनही नाही.

आणि घाई नको. लिटरभर द्रावण घोटाघोटाने, तासभर तरी. माझ्या पहिल्याच महिन्यात एका आजोबांनी ते दहा मिनिटांत गटागटा रिचवलं आणि टेबलावर आडवे होताच ओकले. तेव्हापासून किडनी ट्रे (ओकारी झेलायचं भांडं) हाताशीच असतो.