रॉबर्टचा 'बॉब' आणि मार्गारेटची 'पेगी' कशी झाली?

थॉमसचा टॉम किंवा डॅनियलचा डॅन होणे समजू शकते, पण विल्यमचा बिल, रॉबर्टचा बॉब, रिचर्डचा डिक, एडवर्डचा नेड, मार्गारेटची पेगी आणि हेन्रीचा हॅरी कोणत्या नियमाने होतो, असे आपण विचारले आहे. मराठीत सदाशिवचा सदू आणि गणपतचा गणू होताना नावाचा आरंभ शाबूत राहतो, त्यामुळे आपल्याला हा प्रकार अधिकच विचित्र वाटतो. माझ्या मते विचित्रपणा बराचसा वरवरचा आहे. आपण मूळ नाव आणि शेवटचे रूप शेजारी ठेवून पाहतो आणि मधली पायरी नजरेआड होते.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर जुनी अँग्लो-सॅक्सन नावे हळूहळू मागे पडली आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, वॉल्टर, रॉजर अशी मोजकी नावे घरोघरी ठेवली जाऊ लागली. एकाच वस्तीत चार रॉबर्ट असले की निराळी हाक लागणारच. रॉबर्टचा आधी रॉब झाला आणि मग त्याच्याशी यमक जुळवून हॉब व डॉब ही रूपे निघाली. रिचर्डच्या रिकपासून हिक आणि डिक, तर रॉजरपासून हॉज. आपण 'जेवणबिवण' म्हणताना शब्दाचा आरंभ बदलून शेपूट तसेच ठेवतो, त्याच्याशी हे काहीसे मिळतेजुळते आहे, फक्त येथे मूळ शब्द गळून जोडशब्दच शिल्लक राहिला.

ही रूपे किती रुळलेली होती, हे आडनावांवरून कळते. हॉब्सन, डॉब्सन, हिक्स, डिक्सन आणि हॉजेस ही सारी त्यांचीच अपत्ये आहेत. १३८१ च्या शेतकरी बंडाचा म्होरक्या वॅट टायलर होता, आणि वॅट म्हणजे वॉल्टर, कारण त्या काळी या नावातला 'ल' बोलण्यात उच्चारला जात नसे. कवी जॉन गॉवरने त्याच बंडावरील लॅटिन काव्यात वॅट, हिक, हॉब अशी नावे ओळीने गुंफली आहेत. बंडखोरांविषयीचा त्याचा तिरस्कार पाहता, ही गावंढळ हाकांची यादी त्याने हेतुपुरस्सर केली असावी. बॉब आणि बिल मात्र त्यामानाने उशिरा रूढ झाले, म्हणूनच विल्सन हे आडनाव सर्वत्र भेटते आणि बॉबपासून बनलेले आडनाव सहसा भेटत नाही.

इंग्रजांना नॉर्मन लोकांचा 'र' उच्चारता येत नसे म्हणून रिकचा डिक झाला, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. मला ते पटत नाही, कारण विलचा बिल होताना त्यात 'र' आहेच कुठे?

नेडची गोष्ट याहून निराळी आणि अधिक रंजक आहे. जुन्या इंग्रजीत स्वरापूर्वी 'माय'ऐवजी 'माइन' वापरत, त्यामुळे प्रेमाने 'माइन एड' म्हणता म्हणता ऐकणाऱ्याने शब्द चुकीच्या जागी तोडला आणि 'माय नेड' झाले. एलेनची नेल, ॲनची नॅन आणि ऑलिव्हरचा नॉल याच वाटेने आले. ऑलिव्हर क्रॉमवेलला 'ओल्ड नॉल' म्हणत, ते यामुळेच. गंमत अशी की 'निकनेम' हा शब्दही असाच जन्मला: 'ॲन एकनेम', म्हणजे जास्तीचे नाव, त्याचे 'अ नेकनेम' झाले. उलट दिशेनेही हे घडते, कारण 'ॲप्रन' हा शब्द मुळात 'नॅप्रन' होता.

मुलींच्या नावांत दोन बदल एकावर एक बसलेले दिसतात. पहिल्यात 'र'चा 'ल' होतो: मेरीची मॉली, साराची सॅली, डॉरोथीची डॉली. बोबडे बोल बोलणारे मूल रामाला 'लाम' म्हणते, हे ज्याने ऐकले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. (बाहुलीसाठीचा 'डॉल' हा इंग्रजी शब्दही डॉरोथीपासूनच आला.) दुसऱ्या बदलात 'म'च्या जागी 'प' येतो. दोन्ही ओठांनीच उच्चारले जाणारे वर्ण आहेत, आणि मॉलीची पॉली, मार्थाच्या मॅटीची पॅटी, मार्गारेटच्या मेगची पेग व पुढे पेगी अशी ही माळ आहे. मार्गारेटला डेझी म्हणतात त्याचा मात्र ध्वनीशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' हे डेझीसारख्या फुलाचेही नाव आहे, एवढेच.

राहिला हॅरी, आणि तो आपल्या यादीतून काढावा लागेल. फ्रेंच 'आंरी' इंग्रजांच्या तोंडी उतरले ते हॅरी म्हणूनच, आणि हेन्री नावाच्या राजांनाही लोक हॅरीच म्हणत. कागदोपत्री लॅटिन 'हेन्रिकुस'च्या वळणाने 'हेन्री' लिहीत, आणि पुढे लेखनाप्रमाणे उच्चार होऊ लागला. म्हणजे हेन्रीचा हॅरी कसा झाला, यापेक्षा हॅरीचा हेन्री कसा झाला, हे विचारणे अधिक बरोबर ठरेल.